येथे फॉर्म विचारून भरले जातात

शांती नगरमध्ये आमच्या बिल्डिंगच्या खाली, मेडिकल आणि फरसाणवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात काकींचं झेरॉक्सचं दुकान. बाहेर नेहमीच्या पाट्या: झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, आधार-पॅन, सर्व ऑनलाइन फॉर्म. आणि त्यांच्या खाली काकींनी स्वतः लाल मार्करने लिहिलेली एक पाटी, 'येथे फॉर्म विचारून भरले जातात.' तेच पुढे हिंदीत. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, किती पैसे होतील ते आधी विचारा, असं काहीतरी असेल. आत गेल्यावर कळायचं की विचारणार काकी आहेत आणि उत्तरं आपल्याला द्यायची आहेत.

आणि काय काय विचारतील याचा नेम नाही. रेशनकार्डावरून नाव कमी करायला आलेल्या एका बाईला त्यांनी भर दुकानात विचारलं होतं, "भाभी, सास का नाम क्यूँ काट रही हो? अभी ज़िंदा है ना?" सासू सुरतेला दिराकडे राहायला गेली होती, एवढंच. पण ती बाई तो सगळा खुलासा सहा माणसांच्या रांगेसमोर देत बसली. पासपोर्टचा फॉर्म भरायला आलेल्या मुलाला त्या परदेशात जेवणाचं काय करणार हे विचारत. लोक चिडायचे, 'आंटी, आप सिर्फ भरो ना' म्हणायचे, दोन गल्ल्या सोडून असलेल्या एसी सायबर कॅफेत जायचे, आणि तिथे जन्मतारीख चुकली की परत काकींकडे यायचे.

काकी मूळच्या भाईंदरजवळच्या मुर्धा गावच्या, राहायलाही तिथेच. रोज सकाळी बस बदलून मीरा रोडला यायच्या. चार फूट दहा इंच उंची, कडक इस्त्रीची सुती साडी आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक जाड भिंग. गिऱ्हाइकाशी हिंदी, फरसाणवाल्याशी मोडकं गुजराती आणि आमच्याशी त्यांचं ते गावचं 'हाय-न्हाय'वालं मराठी. मला त्या 'बाय' म्हणायच्या. आम्ही राजापूरकडचे. आमच्यात मुलीला बाय म्हणतातच, त्यामुळे मला ते पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं.

त्यांची एक खोड अख्ख्या सेक्टरला ठाऊक होती. त्या वस्तूंचा वास घ्यायच्या. फोन गरम होतोय म्हणून कोणी दाखवला की आधी नाकाला लावायच्या. कोणाचा चार्जर, कोणाचा मिक्सर, एकदा तर मेडिकलवाल्याचा नवा फ्रिज. "काय न्हाय, चांगला हाय," म्हणून मोकळ्या झाल्या की मालकाचा जीव भांड्यात पडायचा. एकदा लिफ्टची वाट बघत उभ्या असताना त्यांनी हवेत दोनदा हुंगलं आणि वॉचमनला लिफ्ट बंद करायला लावली. सेक्रेटरी तणतणत खाली आले. लिफ्टवाला येऊन वर मोटारीजवळ गेला तेव्हा वायरीवरचं प्लास्टिक वितळायला लागलं होतं. सेक्रेटरी त्यानंतर काकींना नमस्कार करायला लागले.

हे नाक त्यांनी कमावलं होतं. लग्नाआधीपासून चौदा वर्षं त्या अंधेरीला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होत्या. लांब टेबलावर ओळीने मुली बसायच्या आणि हिरव्या पट्ट्यांवर तांदळाएवढे बारीक भाग चिमट्याने बसवून सोल्डर करायच्या. गळ्यातलं भिंग तिथलंच. मग एक दिवस मशीन आली. सगळ्या मुली मिळून दिवसभरात जेवढे भाग बसवायच्या, तेवढे ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसवायची. मुलींना घरी पाठवलं. बाकीच्या रडत गेल्या, काकींनी सुपरवायझरला सांगितलं, "मला दोन दिवस ती बघू दे." आणि खरंच दोन दिवस उभ्या राहून बघत होत्या. "माझ्यापेक्षा सरळ बसवत होती, बाय," त्या मला सांगायच्या. "खोटं कशाला बोलू?" त्यांच्या सांगण्यात राग नसायचा आणि मला त्याचाच राग यायचा. आपली जागा घेणाऱ्याचं एवढं कौतुक कोणी करतं का?

तशीच माया त्यांची झेरॉक्स मशीनवर. कागद अडकला की रांग कितीही असो, सगळं थांबायचं. "काय झालं गं?" असं मशीनला विचारत त्या झाकण उघडायच्या. कागद ओढून काढणाऱ्याचा हात त्यांनी कितीदा झटकला असेल. का अडकला हे कळेपर्यंत कागदाला हात लावायचा नाही. मग कळलेलं सगळं एका दोनशे पानी वहीत लिहायचं. तारीख, काय झालं, काय वाटलं होतं, आणि खरं काय निघालं. या वहीला त्या 'बिघाडवही' म्हणत. चालू मशीन माणसाला काही शिकवत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. घरी आलेल्या व्याह्यांनाही त्यांनी हे ऐकवलं होतं म्हणतात.

बारावीचे निकाल लागले की दुकानाचा रंग पालटायचा. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे फॉर्म भरायला आईबाप मुलांना पुढे घालून यायचे. काकी आईबापांना बाहेर फरसाणवाल्याच्या बाकावर बसवायच्या आणि मुलाला एकच प्रश्न विचारायच्या, "काय बिघडलं की तुला उठवत न्हाय?"

मुलं गोंधळून जायची. आवड काय, गोल काय, पाच वर्षांनी कुठे असशील, याची उत्तरं त्यांनी क्लासमध्ये पाठ केलेली असायची. काकींना आवड नको होती. "आवड सगळ्यांना असते," त्या म्हणायच्या. "रोबोट आवडतो, विमान आवडतं. पण ते चालत असताना आवडतं. चार वर्षं ते बंदच पडणार हाय. कुठलं बंद पडलं तर तू शिव्या घालत का होईना बसून राहशील, ते सांग."

आमच्या समोरच्या विंगमधला एक मुलगा कॉम्प्युटरला जायला आला होता. काकींनी तासभर खोदून विचारल्यावर तो म्हणाला, घरी डाळ करपली की मला चैन पडत नाही, आई म्हणते टाकून दे, मी ती वाचवतो. काकींनी त्याला हॉटेल मॅनेजमेंटची माहिती छापून दिली. त्याची आई तीन महिने काकींशी बोलली नाही. चौथ्या महिन्यात मुलाने केलेला केक घेऊन आली.

पण काकींचंही चुकायचं. छत गळतं तेव्हा झोप लागत नाही, असं म्हणणाऱ्या एका मुलीला त्यांनी सिव्हिलला घातलं आणि तिने दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. तिला छताची काळजी नव्हती, खाली झोपलेल्या आजीची होती. आता ती नर्सिंग करते. हे कळलं त्या दिवशी काकींनी बिघाडवहीत लिहिलं, 'बिघाड माझा. प्रश्न अर्धाच विचारला.' मला त्यांनी ते पान उघडून दाखवलं होतं. लपवायचं त्यांना काही वाटलंच नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी तयारीत गेले होते. मला रोबोटिक्समध्ये जायचं होतं, सीईटीला मार्क बरे पडले होते, आणि लांबच्या एका खासगी कॉलेजात नव्यानेच निघालेल्या एका ब्रँचच्या नावातच रोबोटिक्स होतं. मी काकींना त्या कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक दाखवलं. काकींनी त्याचा वास घेतला आणि परत दिलं.

"ही पाटी झाली," त्या म्हणाल्या. "पाटीच्या मागे काय हाय? तुला रोबोटमधलं काय पाहिजे?"

"सगळं."

"सगळं कोणालाच मिळत न्हाय. ते बनवायला दहा ब्रँचची माणसं लागतात. लोखंडवाला लागतो, करंटवाला लागतो, प्रोग्रामवाला लागतो. तू त्यातली कोण?"

मी पुन्हा माहितीपत्रक उघडून त्यात शोधायला लागले. त्यांनी मला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी गेले, परत पाठवलं. मी फणकाऱ्याने म्हणाले, त्या एसी सायबरमध्ये भरते. "भर की," त्या म्हणाल्या. "तिथे पाच मिनटांत भरतात."

तिसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या गाडीची गोष्ट सांगितली. ती सांगायची असं मी ठरवलं नव्हतं, हरलेल्या स्पर्धेची गोष्ट कोण सांगतं? ज्युनिअर कॉलेजात मी आणि माझ्या मैत्रिणीने काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी छोटी गाडी केली होती. घरी ट्यूबलाइटखाली ती शहाण्यासारखी चालायची. कॉलेजच्या हॉलमध्ये खिडकीतून ऊन येत होतं, तिथे तिने पट्टी सोडली आणि थेट परीक्षकांच्या टेबलाखाली गेली. सगळा हॉल हसला. मैत्रीण म्हणाली, जाऊ दे. मी मात्र पुढचे दोन आठवडे गाडीच्या सेन्सरना पुठ्ठ्याच्या टोप्या करून घालत होते. काळा कागद, निळा कागद, आईच्या जुन्या छत्रीचं कापड. बाल्कनीत, जिन्यात, गच्चीवर. स्पर्धा केव्हाच संपली होती.

काकींनी लॅमिनेशनचं बटण बंद केलं. "चाक निखळलं तर कोण लावायचं?"

"मैत्रीण."

"आणि प्रोग्राम?"

"तो नेटवरून घेतला होता."

"म्हणजे गाडीला दिसत न्हाय, एवढंच तुला सहन झालं न्हाय."

हे असं कोणी मला सांगितलं नव्हतं, मीही स्वतःला सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मला फार लाज वाटली, कारण रांगेत आमच्या बिल्डिंगमधलेच दोघे होते. काकी आपल्या नादात होत्या. त्यांच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेल्या एक मॅडम होत्या. ती नवी मशीन आली तेव्हा तिला समोरचं दिसावं, भाग वाकडा आहे की सरळ ते कळावं, यासाठी त्या मॅडम महिनाभर तिच्याशी झटत होत्या. ऊब, दाब, उजेड, अंतर, हे मशीनला कळायला लावायचं शिक्षण म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन. "रोबोटला हात कोण पण लावील," काकी म्हणाल्या. "त्या हाताला कळलं पाहिजे ना कशाला लागलाय."

ही ब्रँच फारशी कोणी मागत नव्हतं, त्यामुळे माझ्या मार्कांत चांगल्या जुन्या कॉलेजातही ती मिळण्यासारखी होती. आम्ही यादी केली. वरच्या चार जागा इन्स्ट्रुमेंटेशन, मग इलेक्ट्रॉनिक्स, आणि अगदी खाली घराजवळच्या कॉलेजातलं कॉम्प्युटर. यादीचा कागद घेऊन मी नाचत वर गेले.

बाबांनी कागद वाचला आणि पेनने कॉम्प्युटरला गोल करून बाण थेट एक नंबरपर्यंत नेला.

माझे बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात प्रेसवर काम करतात. पत्र्याची गोल चकती प्रेसखाली ठेवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून दणका बसतो आणि चकतीची वाटी होते. ती काढायची आणि दुसरी ठेवायची. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून नाहीत. मी चौथीत असताना गेली. घरात त्याबद्दल एकच वाक्य होतं, 'मशीनने घेतली.' फोटो काढताना बाबा तो हात मागे घेतात.

"तू मशीनजवळ जायचं नाही," ते म्हणाले. "कॉम्प्युटर घ्यायचं, एसीत बसायचं."

"बाबा, पण यादीत ते आहेच की. वर हवं ते टाकायचं, खाली..."

"खाली नाही. जे पक्कं मिळतंय ते वर टाकायचं. वरचं मोठं मागितलं आणि नाही मिळालं, तर नंबर निघून जातो आणि खालचं पण हातचं जातं." हे त्यांना गाळ्यातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं, त्याच्या पुतण्याने तसंच भरलं होतं म्हणे. बसच्या रांगेचा हिशोब त्यांनी फॉर्मला लावला होता. खरं तर ते उलटं होतं. वरचं नाही मिळालं तर खालचं कुठे जात नाही. पण एक नंबरला टाकलेलं मिळालं, तर ते घ्यावंच लागतं, मागे फिरता येत नाही. घराजवळचं कॉम्प्युटर मला नक्की मिळणार होतं. ते वर गेलं की माझी बाकीची यादी म्हणजे नुसता कागद होता. मी हे चार वेळा समजावलं. बाबा म्हणाले, "मग चांगलंच आहे की. मिळतंय तर घ्यावंच लागेल."

फॉर्म पक्का करायचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचपर्यंत वेळ होती. पक्का करताना ओटीपी लागतो आणि नंबर दिलेला बाबांचा. सकाळी निघताना ते सांगून गेले, "कॉम्प्युटर वर टाकलंस की शेठच्या ऑफिसात फोन कर, माझा मोबाइल तिथेच जमा असतो. मी ओटीपी सांगतो."

मी काकींकडे जाऊन बसले. आणि खरं सांगते, माझ्या मनात आलंच. फोन करायचा, टाकलं म्हणून सांगायचं, ओटीपी घ्यायचा. यादी बाबा थोडेच उघडून बघणार होते? मी तसं काकींना म्हटलंसुद्धा.

काकींनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीतच आक्रसले. "बाहेर काय लिवलंय वाचलंस? विचारून. ज्याचा ओटीपी त्याला विचारून." भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आले होते. बाकीच्या मुलांचे फॉर्म त्यांनी सकाळीच उरकले होते. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला, दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि चावी मेडिकलवाल्याकडे दिली. भर दिवसा ते दुकान बंद झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते. फरसाणवाल्याने विचारलं, "काकी, कोई गुज़र गया क्या?" "न्हाय, कोई जनम ले रहा है," म्हणत त्या रिक्षात चढल्या.

बाबांच्या गाळ्यात मी त्याआधी एकदाच गेले होते, पेढे द्यायला, तेही दारापर्यंत. आत शिरलो तेव्हा आवाजाने छातीत धडधडायला लागलं. काकींनी आधी दोनदा हुंगलं. मग बाबांच्या प्रेसपासून दोन हातांवर उभ्या राहून बघत बसल्या. चकती, पेडल, दणका, वाटी. बाबांनी आम्हाला पाहिलं होतं, पण हातातला लॉट ठेवून ते उठणार नव्हते. चारला चहासाठी प्रेस थांबल्या तेव्हा कुठे ते कपड्याला हात पुसत आले. चेहरा कडक होता. त्यांना वाटलं, आता ही बाई आपल्याला फॉर्मचे नियम शिकवणार.

काकींनी फॉर्मचा विषयच काढला नाही. "भाऊ," त्या म्हणाल्या, "ही प्रेस बिघडते तेव्हा काय होतं?"

बाबांनी हातातला कपडा प्रेसवर टाकला. मग म्हणाले, "डबल मारते."

"म्हंजे?"

"आत क्लचला एक चावी असते. ती झिजली की प्रेस फिरत्या चाकापासून सुटत नाही. आपण पेडल एकदा दाबतो, ती दोनदा खाली येते." बाबा प्रेसजवळ गेले आणि हाताने दाखवायला लागले. "पहिल्यांदा येते ती आपण बोलावलेली. दुसऱ्यांदा येते ती तिची ती. पहिली झाली म्हणून आपण वाटी काढायला हात घातलेला असतो." त्यांनी डावा हात मागे घेतला. "मी तीनदा सांगितलं होतं, डबल मारते म्हणून. आवाजावरून कळतं. माझी गेली आणि दुसऱ्या आठवड्यात नवा क्लच आला."

आठ वर्षं आमच्या घरात जे एका वाक्यात होतं, ते मी उभ्या उभ्या पूर्ण ऐकलं. बाबांना सगळं माहीत होतं. चावी किती झिजली की काय आवाज येतो, इथपर्यंत. आणि मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"तिचा काय दोष," बाबा म्हणाले. "तिला काय माहीत, हात आहे ते."

"बाबा," मी म्हणाले, "मला तेच शिकायचंय. हात आहे हे तिला कळायला लावायचं. त्यालाच इन्स्ट्रुमेंटेशन म्हणतात." काकी मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या पातेल्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवला, फोनवरून नेट जोडलं, यादी उघडली, बाबांना सगळ्या ओळी वाचून दाखवल्या, कॉम्प्युटर खाली आहे तेही बोट ठेवून दाखवलं, आणि मग ओटीपी मागवला. बाबांनी शेठच्या ऑफिसातून आपला फोन आणला. चष्मा लावला. पहिले चार आकडे वाचले आणि थांबले.

"ताई, एक विचारू? तिला हात कळायला लागला, की पुढे वाटी काढायला पण दुसरं काहीतरी बसवतील. मग माझं काय काम? तुमची नोकरीच मशीनने घेतली असं ही सांगते. आणि तुम्हीच माझ्या पोरीला हे शिकायला लावताय?"

काकींनी गळ्यातलं भिंग मुठीत धरलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे ती मशीन येणार हे वरच्या मजल्यावर एका खोलीत ठरलं, भाऊ. कुठे बसवायची, कोणाला शिकवायचं, कोणाला घरी पाठवायचं, सगळं त्या खोलीत. आमच्यातली एक पण बाई तिथे न्हवती. असती तर चार जणी राहिल्या असत्या. कदाचित न्हाय पण राहिल्या असत्या, मी खोटं बोलणार न्हाय. तुम्ही फॉर्मवर काय पण लिवा, मशीन यायची ती येणारच हाय. त्या खोलीत तुमची पोरगी बसलेली बरी का न बसलेली, एवढंच सांगा."

बाबा प्रेसकडे बघत राहिले. चहा निवला. लॅपटॉपवर ओटीपीची मुदत संपल्याचं लाल अक्षरांत आलं. काकींनी पुन्हा मागवला. बाबांचा फोन वाजला. दुसऱ्यांदा त्यांनी सहाही आकडे एका दमात वाचले.

मला यादीतली दुसरी जागा मिळाली, बाहेरगावच्या कॉलेजातली. बाबा गाळ्यात सगळ्यांना 'पोरगी इन्स्ट्रुमेंटला आहे' असं सांगत फिरले. कोणी पुढे विचारलं की प्रेसची गोष्ट सांगायचे, डाव्या हाताने दाखवत. चार वर्षं सुट्टीत घरी गेले की काकी मला मार्क विचारायच्या नाहीत, "या टायमाला काय बिघडलं?" म्हणायच्या. मी सांगत बसायचे आणि गिऱ्हाइकं ताटकळायची. आज लोक फोनवरच फॉर्म भरतात, काकींची रांग कमी झालीय. त्या तरी वेळेवर दुकान उघडतात. पाटी पुसट झाली म्हणून परवा नवी लिहिली.

मी आता पुण्याजवळ एका कंपनीत आहे, रोबोटच्या हातांना सेन्सर बसवते. मागच्या महिन्यात एका कारखान्यात मीटिंग होती. तिथल्या दोन प्रेसवर रोबोट बसवायचे होते. समोर पडद्यावर तक्ता होता. आता ऑपरेटर दोन, नंतर शून्य. सगळे माना डोलवत होते आणि मीही वहीत सेन्सरची जागा काढत होते. अर्धी मीटिंग झाल्यावर मला कळलं की मी त्या खोलीत बसलेय.

मी विचारलं, "हे दोन ऑपरेटर कुठे आहेत?"

"शिफ्टवर. का?"

"त्यांना बोलवूया. प्रेस कुठे बिघडते ते त्यांनाच माहीत असणार."

साहेबांना ते फारसं रुचलं नाही, पण बोलावलं. दोघं तेलकट हातांनी दारातच उभे राहिले. त्यांना बसायला जागा नव्हती. मी शेजारच्या केबिनमधून दोन खुर्च्या ओढून आणल्या. त्यातला वयस्कर माणूस आधी चाचरला, मग डावीकडची प्रेस गरम झाली की काय करते ते पंधरा मिनिटं सांगत राहिला. आमच्या आराखड्यात ते कुठेच नव्हतं. शेवटी म्हणाला, मला शिकवलंत तर मी हे नवीन पण चालवीन. साहेबांनी ते लिहून घेतलं. तक्त्यात शून्याच्या जागी एक झाला.

संध्याकाळी मी काकींना फोन केला. आनंदाने सगळं सांगितलं, जरा फुशारकीही मारली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"आणि दुसरा?" त्यांनी विचारलं.

"तो काही बोलला नाही, काकी. नुसता बसून होता."

"मग त्याला उद्या परत बोलव," काकी म्हणाल्या.